वरच्या ओळीकडे बघावं लागतं का?

मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये, मग त्या अंधेरीच्या सीप्झमधल्या असोत, पवईतल्या असोत की खाडीपलीकडच्या ऐरोलीतल्या, एक भांडण गेली काही वर्षं नेमाने चाललं आहे. यादीवर काम करायचं तर ‘फॉर’ लूप लिहायचा, म्हणजे एकेका घटकावरून फिरत काय करायचं ते स्वतः मांडायचं, की मॅप (प्रत्येक घटकाचं रूपांतर), फिल्टर (हवे ते घटक गाळून घेणं), रिड्यूस (सगळ्या घटकांचं मिळून एक उत्तर) ही तयार फंक्शन्स वापरायची? एक बाजू म्हणते, लूप ही सी ही जुनी भाषा शिकलेल्या पिढीची सवय आहे, आजच्या कोडमध्ये तिला जागा नाही. दुसरी बाजू म्हणते, ही फंक्शन्स म्हणजे हुशारी मिरवणं आहे. जे पाच सरळ ओळींत कुणालाही कळतं ते एका ओळीत कोंबून भलं कुणाचं होतं? माझ्या पाहण्यातल्या एका टीमने नियमच करून टाकला की रिव्ह्यूत, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, ‘फॉर’ दिसला तर कोड परत. त्यांच्या शेजारच्या टीमने नेमका उलटा नियम केला: ‘रिड्यूस’ दिसला तर परत. आणि दोन्हीकडच्या शेऱ्यांत कारण एकच, ‘वाचायला सोपं नाही’.

हा वाद क्षुल्लक आहे असं मला वाटत नाही. पगारपत्रकापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सगळा कारभार याद्यांवर चालतो, आणि कोड लिहिला एकदा जात असला तरी वाचला आणि दुरुस्त केला जातो वर्षानुवर्षं. तेव्हा तो कसा लिहावा यावर लोक तावातावाने बोलतात हे चांगलंच आहे. खटकतं ते एवढंच, की बोलणं भलत्याच मुद्द्यांवर चालतं: कोण जुना आणि कोण नवा, कुणाला काय आवडतं, किती ओळी वाचल्या. माझं म्हणणं असं की साधन कोणतं घ्यायचं हे कामाच्या घडणीवरून ठरतं. यादीतल्या प्रत्येक घटकाचं उत्तर त्या घटकाकडे बघूनच निघत असेल, तर मॅप आणि फिल्टर वापरावेत. तिथे लूप लिहिणं म्हणजे वाचणाऱ्यापासून एक महत्त्वाची माहिती दडवणं. उत्तर जर आधीच्या घटकांनी मागे ठेवलेल्या शिलकेवर अवलंबून असेल, तर उघडपणे लूप लिहावा. तिथे रिड्यूसची कसरत केली तर तीही दडवादडवीच.

मुंबईत हा फरक समजावायला संगणकशास्त्राचं पुस्तक लागत नाही. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराची एक्सेलची फाइल उघडा. समजा सोसायटीत २४० फ्लॅट आहेत आणि भाड्याने दिलेल्या फ्लॅटांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घ्यायचे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. खजिनदार काय करतो? भाड्याचे फ्लॅट गाळून काढतो, एका सेलमध्ये सूत्र लिहितो, ते खालपर्यंत ओढतो, शेवटी बेरीज घेतो. इथे प्रत्येक ओळ आपल्यापुरतं बघते. ४०२ च्या शुल्काला ४०१ शी काही देणंघेणं नाही. ओळी उलटसुलट लावा, निम्मी यादी दुसऱ्या कमिटी मेंबरला करायला द्या, बेरीज तीच येणार. गाळणं म्हणजे फिल्टर, सूत्र ओढणं म्हणजे मॅप.

आता दुसरी शीट उघडू, एकाच सभासदाच्या थकबाकीची. आदर्श उपविधींत वर्षानुवर्षं असलेली द.सा.द.शे. २१ ही सरळव्याजाची कमाल मर्यादा धरू, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के. आलेली रक्कम आधी व्याजापोटी आणि उरलेली मुद्दलापोटी जमा करायची, अशी पद्धत धरू. एप्रिलच्या सुरुवातीला मुद्दल १०,००० रुपये, त्यावर व्याज १७५, महिन्याचं नवं बिल ४,००० आणि सभासदाने भरले ५,०००. त्यातले १७५ व्याजात गेले, ४,८२५ मुद्दलात. मागे राहिले ९,१७५. मे महिन्याचं व्याज या ९,१७५ वर, म्हणजे १६० रुपये ५६ पैसे. मेमध्ये त्याने काहीच भरलं नाही, तर मुद्दल होतं १३,१७५, आणि १६० रुपये ५६ पैसे वेगळ्या रकान्यात थांबतात, कारण सरळव्याजात व्याजावर व्याज लावायचं नाही. जूनचं व्याज निघतं १३,१७५ वर. या शीटमधलं जवळजवळ प्रत्येक सूत्र वरच्या ओळीतल्या सेलकडे बोट दाखवतं. मे आणि जूनची अदलाबदल केली की हिशेब कोसळतो. जूनचं काम मे संपल्याशिवाय कुणाला देताच येत नाही.

खजिनदाराला हा फरक कुणी शिकवलेला नसतो. सूत्र लिहिताना वरच्या ओळीकडे बघावं लागतं की नाही, एवढंच त्याला ठरवावं लागतं. आमच्या धंद्यातल्या वादाचा गाभा हाच आहे, आणि नेमका तोच रिव्ह्यूच्या शेऱ्यांत कुठे सापडत नाही.

लूपच्या बाजूने पहिला आणि रास्त प्रश्न असा येतो: पहिल्या शीटचं कामही लूपने व्यवस्थित होतं, मग बिघडलं कुठे? आज काहीच बिघडत नाही. पण लूप काहीही करू शकतो, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. त्याच्या कंसात आज फक्त शुल्काची बेरीज आहे. सहा महिन्यांनी तिथेच कुणीतरी थकबाकीदारांना एसएमएस पाठवण्याची ओळ घालतो, कारण फ्लॅटांवरून फिरणं आयतंच चालू असतं. मग एक झेंडा, म्हणजे मागची खूण लक्षात ठेवणारं व्हेरिएबल येतं, मागचा फ्लॅट त्याच मालकाचा असेल तर सूट द्यायची म्हणून. लूप तोच दिसतो, सुरुवातीची ओळ तीच असते, पण आता ओळींचा क्रम बदलला तर उत्तर बदलतं. हे वाचणाऱ्याला कधी कळणार? कंसातली शेवटची ओळ वाचून झाल्यावर. त्याच जागी फिल्टर आणि मॅप असते तर पहिल्या शब्दालाच दोन गोष्टी कळल्या असत्या: फिल्टरमधून बाहेर येणारं सगळं मूळ यादीतलंच आहे, आणि मॅपमधून जितके आत गेले तितकेच बाहेर आले आहेत. मॅपच्या आत कुणी एसएमएस पाठवू शकत नाही असं नाही, बहुतेक भाषांत ते शक्य आहे. पण तो पाठवणारा आपण खोटं लिहितोय हे जाणून पाठवतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही ते लगेच खुपतं.

संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइकस्ट्रा यांनी १९६८ मध्ये ‘गोटू’विरुद्ध, म्हणजे प्रोग्रामला कुठूनही कुठेही उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेविरुद्ध, लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रातला मुद्दा हाच होता. काळात उलगडत जाणारी प्रक्रिया डोळ्यांसमोर आणण्यात माणसाची बुद्धी कच्ची आहे. म्हणून कागदावरचा मजकूर आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम यांतलं अंतर शक्य तितकं कमी ठेवावं. या पत्राचा दाखला मॅपवाले हटकून देतात आणि पुढे म्हणतात, गोटू गेला तसा आता फॉरही जाईल. इथे मात्र ते इतिहास अर्धाच वाचतात. गोटू नुसत्या बंदीने गेला नाही. गोटूने जी कामं होत होती त्यांतल्या प्रत्येक नेहमीच्या कामाला नाव मिळत गेलं: निवड करायची तर इफ-एल्स, पुन्हा पुन्हा करायचं तर व्हाइल आणि फॉर, मधूनच बाहेर पडायचं तर ब्रेक आणि रिटर्न. नावं मिळाली आणि गोटूची गरज आटली. त्यानंतरही १९७४ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी सविस्तर निबंध लिहून दाखवलं की काही ठिकाणी गोटूच जास्त स्वच्छ असतो. लूपचंही असंच होतं आहे. गाळणं, रूपांतर, बेरीज, गट पाडणं, ‘एक तरी आहे का’, ‘सगळे आहेत का’ या त्याच्या नेहमीच्या कामांना नावं मिळाली, आणि ती कामं लूपकडून गेली हे योग्यच झालं. पण नाव नसलेली कामं उरतात. सभासदाच्या थकबाकीचं खातं हे त्यांपैकीच एक आहे.

आणि नवी फॅशन म्हणून या फंक्शन्सना नाकं मुरडणाऱ्यांनी सनावळी जरूर बघावी. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने केलेली फोरट्रान ही भाषा १९५७ मध्ये बाहेर पडली, तिच्यात ‘डू’ लूप होता. जॉन मॅकार्थी यांचा लिस्प या भाषेवरचा निबंध १९६० चा, आणि यादीवरून फंक्शन फिरवणारं ‘मॅपलिस्ट’ त्यात आहे. केनेथ आयव्हर्सन यांचं एपीएल या भाषेचं पुस्तक १९६२ चं, आणि अख्ख्या यादीची एका चिन्हात बेरीज घेणं त्यात आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक हा संगणक चालू झाला तोही याच काळात, १९६० मध्ये. म्हणजे लूप आणि मॅप एकाच पिढीचे आहेत, दोघांत अंतर तीन वर्षांचं. पुढे १९७७ मध्ये संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार घेताना खुद्द बॅकस यांनी फोरट्रानसारख्या भाषांच्या एकेक शब्द सरकवत जाणाऱ्या शैलीवर कडक टीका केली. डू लूप जगाला देणाऱ्या माणसानेच तो पुरेसा नाही असं जाहीरपणे म्हणावं, याला फॅशन कसं म्हणायचं? त्यांनी त्या भाषणात मांडलेली पर्यायी भाषा फारशी कुणी वापरली नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि लूपवाल्यांनी ते सांगितलं तर मी मान्य करीन. पण त्यांनी दाखवलेली अडचण तिथून नाहीशी झाली नाही. जावास्क्रिप्टच्या यादीला २००९ मध्ये, सी शार्पला २००७ मध्ये आणि जावाला २०१४ मध्ये हीच कामं करणारी साधनं मिळाली, ती त्याच अडचणीपायी.

आणखी एक गोष्ट लूपच्या बाजूच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. ते स्वतः रोज एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागण्याची भाषा, लिहितात. ‘व्हेअर’ म्हणजे फिल्टर, ‘सिलेक्ट’च्या पुढचे हिशेब म्हणजे मॅप, ‘सम’ म्हणजे रिड्यूस. डेटाबेसकडे ‘भाड्याच्या फ्लॅटांच्या शुल्काची बेरीज दे’ असं मागताना कुणालाही आपण अगम्य लिहितोय असं वाटत नाही. कर्सर उघडून एकेक ओळ लूपमध्ये फिरवणाऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरला (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या प्रोग्रामला) मात्र हेच लोक ‘असं करू नकोस’ म्हणून परत पाठवतात. मग तीच तीन कामं जावात आली की ती अगम्य कशी होतात?

‘वाचायला सोपं’ या शब्दांखाली काय दडलेलं असतं हे बघायला मराठीचाच इतिहास पुरेसा आहे. पेशवे दप्तरातला कारकून मोडी लिहायचा. हात न उचलता सपासप लिहिता यावं म्हणून ती लिपी घडलेली. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, शब्द तोडून लिहिले जात नसत; वाचणारा ते संदर्भावरून लावून घ्यायचा. दिवसभर मोडीतच असणाऱ्याला ती बाळबोधीपेक्षा सोपी होती, यात शंका नाही. आज त्याच दप्तराचा रुमाल उलगडला तर बहुतेक मराठी माणसाला एक ओळ लागत नाही. म्हणून वाचनीयता ही दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज असते: एक सवय, आणि दुसरी मजकुरातच किती सांगितलंय ती. सवय काही आठवड्यांत लागते. मजकुरात जे लिहिलेलंच नाही, ते मात्र प्रत्येक नव्या वाचकाला दरवेळी नव्याने तर्काने भरून काढावं लागतं. ‘मला मॅप वाचायची सवय नाही’ ही तक्रार पहिल्या प्रकारची आहे, आणि ती खरी असली तरी टिकणारी नाही. ‘हा लूप यादीतले घटक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की नाही ते सांगत नाही’ ही दुसऱ्या प्रकारची आहे, आणि ती त्या कोडच्या आयुष्यभर पुरते.

पण याच मोजपट्टीने मॅपवाल्यांचंही मोजमाप व्हायला हवं, आणि तिथे त्यांची बाजू रिड्यूसपाशी लंगडी पडते. बेरीज, गुणाकार, कमाल, किमान इथवर रिड्यूस उत्तम आहे. ही कामं अशी आहेत की यादीचे तुकडे करून वेगवेगळी उत्तरं काढली आणि मग जोडली तरी फरक पडत नाही. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मॅपरिड्यूसचा निबंध मांडला, त्यात हजारो यंत्रांवर काम पसरवता आलं ते यामुळेच: मॅपचा प्रत्येक घटक स्वतंत्र, आणि बेरजेसारखी कामं यंत्रागणिक करून नंतर जोडता येणारी. आता आपल्या थकबाकीच्या खात्याला रिड्यूस लावून बघा. ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे रिड्यूस एका घटकाकडून पुढच्याकडे नेतो त्या साठ्यात, मुद्दल ठेवायचं, थांबलेलं व्याज ठेवायचं, शिवाय महिन्यागणिक झालेल्या नोंदींची यादीही ठेवायची. आतल्या फंक्शनने जुनी वस्तू घ्यायची, नवी वस्तू करून परत द्यायची, आणि एका फांदीत परत द्यायला विसरलं की पुढचा सगळा हिशेब रिकामा. जावास्क्रिप्टमध्ये तर प्रत्येक फेरीला जुनी यादी तीन टिंबांनी उलगडून नव्यात ओततात. म्हणजे नोंदी दुप्पट झाल्या की नकला करण्याचं काम चौपट. हे सगळं करून मिळालं काय? मागची शिलक पुढे नेणारा लूपच मिळाला, फक्त त्याच्यावर रिड्यूस अशी पाटी लागली. ती पाटी वाचणाऱ्याला वाटणार की याचे तुकडे करता येतात, आणि ते करता येत नाहीत.

पायथनचे कर्ते गिडो व्हान रॉसम यांनी २००५ मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं: बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचा रिड्यूस दिसला की त्यांना कागद-पेन्सिल घेऊन आकृती काढावी लागते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत, २००८ मध्ये, रिड्यूस मुख्य भाषेतून उचलून एका मॉड्यूलमध्ये ठेवला गेला. त्याआधीच ‘सम’ (बेरीज), ‘एनी’ (एक तरी आहे का) आणि ‘ऑल’ (सगळे आहेत का) ही फंक्शन्स भाषेत आली होती. नेहमीच्या कामांना स्वतःचं नाव द्या आणि उरलेल्यासाठी लूप लिहा, असा हा निवाडा आहे, आणि मला तो पटतो. मॅप त्यांनी शेवटी भाषेत राहू दिला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लूपच्या बाजूचे सगळ्यात वजनदार मुद्दे चूक शोधण्याच्या वेळचे आहेत, आणि ते मी टाळणार नाही. २४० फ्लॅटांपैकी एकाच्या नोंदीत रकमेच्या जागी रेघ आहे. लूपमध्ये त्या फ्लॅटचा नंबर हाताशी असतो. चूक पकडायची, नंबर नोंदवायचा, पुढच्या फ्लॅटकडे जायचं. चार फंक्शन्सच्या साखळीत चूक मधूनच उसळते आणि कोणत्या फ्लॅटची हे शोधायला डीबगर, म्हणजे प्रोग्राम थांबवत थांबवत तपासण्याचं साधन, घेऊन बसावं लागतं. जावात तर ‘चेक्ड’ एक्सेप्शन, म्हणजे ज्या चुका हाताळणं भाषेनेच सक्तीचं केलंय त्या, साखळीतून सरळ बाहेर जाऊच शकत नाहीत. जावास्क्रिप्टच्या ‘फॉरईच’मध्ये, म्हणजे प्रत्येक घटकासाठी दिलेलं फंक्शन नुसतं चालवणाऱ्या साधनात, असिंक (उत्तर नंतर देणारं) फंक्शन दिलं तर तो कुणासाठी थांबत नाही, पावत्या अजून जमा होत असतात आणि प्रोग्राम ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. त्याच भाषेत मजकूर म्हणून लिहिलेल्या १, २, ३ या अंकांच्या यादीवर मॅपमधून ‘पार्सइंट’ (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) फिरवलं तर उत्तर येतं १, आणि पुढच्या दोन जागी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, कारण मॅप घटकाबरोबर त्याचा क्रमांकही पाठवतो आणि पार्सइंट तो क्रमांक अंकपद्धतीचा पाया समजतं. पहिल्यांदा हे बघणाऱ्या नव्या मुलाचा या सगळ्या प्रकारावरचा विश्वास उडाला तर दोष त्याचा नाही.

यावरची उत्तरं आहेत, पण ती फुकट मिळत नाहीत. साखळी दोन पायऱ्यांपेक्षा लांब झाली की मधल्या यादीला नाव द्यावं: ‘भाड्याचे फ्लॅट’, ‘आकारलेली शुल्कं’. एवढं केलं की ब्रेकपॉइंट (तपासणीसाठी प्रोग्राम थांबवण्याची खूण) ठेवायला जागा मिळते आणि वाचणाऱ्याला विसावा. कच्ची नोंद तपासण्याचं काम वेगळ्या मॅपमध्ये करावं, ज्यातून प्रत्येक फ्लॅटमागे एकतर रक्कम किंवा फ्लॅटच्या नंबरासकट चूक बाहेर येईल. मग बरोबर आणि चुकीच्या अशा दोन याद्या करणं सोपं. आणि बाहेरच्या जगात काही घडवायचं असेल, पैसे जमा करणं, ईमेल पाठवणं, फाइल लिहिणं, तर तिथे लूपच लिहावा. या कामांना क्रम असतो, ती मधेच अडतात, थांबवून पुन्हा चालू करावी लागतात. फॉरईच दिसायला मॅपचा भाऊ, पण तो काहीच परत देत नाही, मधे थांबत नाही, आणि लूपने न दिलेलं असं काही देत नाही. साध्या ‘फॉर’च्या जागी फॉरईच घालायला लावणाऱ्या नियमाच्या मी पूर्ण विरोधात आहे.

वेगाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक मॅप नवी यादी बनवतो हे खरं. जावाच्या स्ट्रीम्स, सी शार्पचं ‘लिंक’ आणि रस्ट भाषेचे इटरेटर ही यादीवर काम करणारी साधनं मधल्या याद्या न बनवता काम करतात हेही खरं. २४० फ्लॅटांना, किंवा २४ हजारांना, यातलं काहीही जाणवत नाही. वेळ जातो तो डेटाबेस आणि नेटवर्कची वाट बघण्यात. शेअर बाजाराचे सौदे मोजणाऱ्या किंवा चित्रातले पिक्सेल फिरवणाऱ्या आतल्या गाभ्यात तो जाणवतो. तिथे मोजावं, आणि मोजमाप सांगेल ते लिहावं.

दुखणं मुळात शिकवण्यात आहे, असं मला वाटतं. आपल्याकडची बहुतेक मुलं कॉलेजात सीमधला लूप शिकतात तो ताऱ्यांचे मनोरे छापून. आय शून्यापासून सुरू, एनपेक्षा कमी, आय प्लस प्लस. व्हायवात विचारतात तेही हेच. प्रत्येक फेरीच्या शेवटी काय खरं राहतं, हा लूपबद्दलचा खरा प्रश्न आहे. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होर यांनी १९६९ मध्ये तो विचारून प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करण्याची रीत घालून दिली. आपल्याकडे तो क्वचितच वर्गात येतो. थकबाकीच्या खात्यात तो केवढा साधा आहे: प्रत्येक महिन्याच्या अखेरीला मुद्दल अधिक थांबलेलं व्याज हे सभासदाचं त्या तारखेचं एकूण देणं असलंच पाहिजे. एवढं वाक्य लूपच्या वर लिहिलं तर तो लूप कुठल्याही साखळीइतका स्वच्छ होतो. मग तीच मुलं ठाण्या-दादरच्या क्लासमध्ये रिॲक्ट (वेबपानं बांधायचं जावास्क्रिप्टचं साधन) शिकतात आणि तिथे मॅप भेटतो तो पडद्यावर यादी छापायचं सूत्र म्हणून. दोन्ही साधनं हातात येतात, दोन्हींचा अर्थ हुकतो. नोकरीत पहिल्याच महिन्यात टीमचा नियम समोर येतो आणि विचार करण्याची गरज तिथेच संपते.

टीमला काहीतरी एक नियम हवा असतो, नाहीतर प्रत्येक रिव्ह्यू म्हणजे नवा वाद, हा युक्तिवाद मी ऐकून आहे आणि त्यात तथ्य आहे. मोठ्यांनीही असे नियम केले आहेत. एअरबीएनबीची जावास्क्रिप्ट लिहिण्याची जाहीर नियमावली फॉर-ऑफ लूपपेक्षा मॅप-फिल्टरसारखी फंक्शन्स वापरा म्हणते. उलट गो भाषेत २०२२ मध्ये जेनेरिक्स, म्हणजे कुठल्याही प्रकारच्या घटकांवर चालणारी फंक्शन्स लिहिण्याची सोय, आली, २०२३ मध्ये याद्यांसाठी प्रमाण पॅकेज आलं, तरी त्यात मॅप किंवा फिल्टर ठेवले गेले नाहीत. गोच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक यांनी तर अशी फंक्शन्स स्वतः लिहून बघितली आणि वर सांगितलं की मी ती वापरत नाही, तुम्हीही वापरू नका, लूप लिहा. दोन्ही निर्णयांना त्या त्या भाषेची कारणं आहेत, आणि गोमध्ये काम करणाऱ्याने गोच्या वळणाने लिहावं यावर माझं दुमत नाही. पण दोन्ही सोयी असलेल्या भाषेत एकीवर बंदी घालणं म्हणजे दोन वेगळ्या घडणीच्या कामांना एकच कपडा घालणं. नियम हवाच असेल तर तो असा करता येतो: पुढे न्यायची शिलक नसेल आणि बाहेरच्या जगात काही घडवायचं नसेल तर लूप नको, आणि पुढे न्यायची शिलक बेरजेपेक्षा गुंतागुंतीची असेल तर रिड्यूस नको. हा नियम लिंटरला, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामला, तपासता येणार नाही, माणसाला यावा लागेल. रिव्ह्यू माणसांकडून करून घेतात तो त्यासाठीच.

आणि एकाच प्रोग्रामात दोघे गुण्यागोविंदाने राहतात, ही गोष्ट बंदीवाल्यांना दिसत नाही. आपल्या सोसायटीचा पूर्ण हिशेब घ्या: २४० सभासद, प्रत्येकाची बारा महिन्यांची खातेवही. एका सभासदाच्या थकबाकीचा दुसऱ्याच्या थकबाकीशी संबंध नाही, म्हणून सभासदांवरून मॅप फिरवायचा. त्या मॅपला जे फंक्शन द्यायचं, ‘सभासदाचं खातं लाव’, त्याच्या पोटात महिन्यांवरून जाणारा साधा लूप, मुद्दल आणि थांबलेलं व्याज ही दोन व्हेरिएबल्स उघड पुढे नेणारा. बाहेरचं काम हवं तर प्रोसेसरच्या आठ कोअरवर वाटून द्या, आतलं एकाच्याच हाती राहू द्या. उद्या वार्षिक सर्वसाधारण सभेने व्याजाचा दर २१ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, तर हात लागतो तो फक्त आतल्या फंक्शनला. आणि तो बदल तपासायला अख्खी सोसायटी चालवावी लागत नाही, एका सभासदाचे एप्रिल, मे, जून पुरतात.